बारा टक्के, पण कशाचे?

पगाराच्या स्लिपवर डावीकडे काय मिळालं ते असतं आणि उजवीकडे काय कापलं ते. उजव्या रकान्यात पीएफ, ईएसआय, पीटी अशी त्रोटक नावं असतात. आपली नजर त्यांच्यावरून घसरते आणि थेट तळाशी, हातात येणाऱ्या रकमेवर जाऊन थांबते. या तिघांपैकी पीटी म्हणजे व्यवसाय कर. तो राज्य सरकारचा कर आहे, भरला की संपला, आपल्या नावावर त्यातून काही साठत नाही. त्याला इथेच निरोप देऊ. उरलेली दोन नावं, भविष्य निर्वाह निधी (पीएफ) आणि कामगार राज्य विमा (ईएसआय), मात्र वर्गणीची आहेत. सरकारी कागदात तिला ‘अंशदान’ म्हणतात. या वर्गणीचा मोठा हिस्सा कपातीच्या रकान्यात दिसतच नाही, कारण तो मालकाने भरायचा असतो.

एक उदाहरण घेऊन शेवटपर्यंत मोजू, म्हणजे नावांचा धाक वाटणार नाही. एका कारखान्यात पॅकिंगला असलेली एक कामगार बाई धरा. तिचा पगार १४,००० रुपये, आणि तो सगळाच्या सगळा मूळ वेतन अधिक महागाई भत्ता. दुसरे भत्ते नाहीत. तिच्या पगारातून पीएफचे १२ टक्के म्हणजे १,६८० रुपये आणि ईएसआयचे पाऊण टक्का म्हणजे १०५ रुपये कापले जातात. व्यवसाय कर बाजूला ठेवला तर हातात १२,२१५ येतात. एवढं तिला स्लिपवर दिसतं.

आता मालकाची बाजू. तोही पीएफचे १२ टक्के, म्हणजे १,६८० भरतो. त्यावर विम्याचा अर्धा टक्का, ७० रुपये. पीएफ कार्यालयाचा कारभार चालवायला आणखी अर्धा टक्का, ७० रुपये. आणि ईएसआयचे सव्वातीन टक्के, ४५५ रुपये. बेरीज २,२७५. म्हणजे ही बाई मालकाला १४,००० ला पडत नाही, १६,२७५ ला पडते. दोघांचं मिळून दर महिन्याला ४,०६० रुपये सामाजिक सुरक्षेच्या नावाने बाहेर जातात. मालकाचा तिच्यावर होणारा एकूण खर्च रुपया धरला, तर त्यातले जवळजवळ चार आणे.

हे चार आणे जातात कुठे? इथे गोंधळ सुरू होतो. आपण सगळ्याला मिळून ‘पीएफ’ म्हणतो, पण ४,०६० रुपये पाच वेगवेगळ्या डब्यांत पडतात आणि प्रत्येक डब्याचा स्वभाव निराळा आहे.

पहिला डबा म्हणजे खरा पीएफ, कर्मचारी भविष्य निर्वाह निधी. तो तिच्या नावाचा, तिच्या मालकीचा. तिचे १,६८० पूर्ण याच्यात जातात. मालकाच्या १,६८० पैकी मात्र फक्त ५१४ इथे येतात. उरलेले १,१६६ दुसऱ्या डब्यात, कर्मचारी पेन्शन योजनेत वळतात. ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ कार्यालयाच्या, पासबुकात तीन रकाने असतात: कर्मचाऱ्याचा हिस्सा, मालकाचा हिस्सा, पेन्शनचा हिस्सा. ज्यांनी पासबुक पहिल्यांदाच उघडलं असेल त्यातले निम्मे तरी चिडून विचारतात, ‘माझे बारा टक्के पूर्ण जमा, मग मालकाचे कमी का?’ मालकाने काही खाल्लेलं नसतं. त्याच्या बारा टक्क्यांतले ८.३३ टक्के कायद्यानेच पेन्शनकडे जातात आणि ३.६७ पीएफमध्ये राहतात.

८.३३ हा आकडा अंगावर येतो, पण तो साधा बारावा भाग आहे. वर्षाचे बारा पगार, त्यातल्या एका पगाराएवढी रक्कम पेन्शनला. जुन्या दरांमागेही असंच सोपं गणित असे. १९५२ साली पीएफचा कायदा झाला तेव्हा दर सव्वासहा टक्के होता, म्हणजे रुपयाला एक आणा. आजचे बारा टक्के सप्टेंबर १९९७ पासूनचे. बिडी, वीटभट्टी, ताग, काथ्या अशा काही उद्योगांना दहा टक्क्यांचा दर आहे, तेव्हा तिथे काम करणाऱ्याने बारा दिसले नाहीत म्हणून लगेच भांडायला जाऊ नये.

पीएफच्या डब्यात व्याज पडतं. २०२४-२५ या वर्षासाठी दर ८.२५ टक्के होता. व्याज मोजलं जातं दर महिन्याच्या शिलकीवर, पण खात्यात जमा होतं वर्षातून एकदा. म्हणून एप्रिल-मेमध्ये पासबुक उघडून ‘यंदा व्याजच आलं नाही’ म्हणणाऱ्यांनी थोडा दम धरावा.

पेन्शनचा डबा सगळ्यात जास्त गैरसमज घेऊन फिरतो. पासबुकात आपल्या नावापुढे रक्कम दिसते, त्यामुळे ती आपली बचत वाटते. तसं नाही. ती एका सामाईक हंड्यात गेलेली असते. तिच्यावर आपल्या नावाने व्याज चढत नाही, आणि पेन्शन किती मिळणार याचा त्या रकमेशी थेट संबंध नाही. पेन्शन ठरते एका सूत्राने: पेन्शनयोग्य पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. पेन्शनयोग्य पगार म्हणजे शेवटच्या साठ महिन्यांची सरासरी, आणि त्याला १५,००० रुपयांचं झाकण. वीस वर्षं पूर्ण केलेल्याला दोन वर्षं बक्षीस म्हणून जोडून मिळतात. समजा, एखाद्याची पूर्ण तीस वर्षांची नोकरी १५,००० ची मर्यादा धरून झाली. पंधरा हजार गुणिले बत्तीस भागिले सत्तर, म्हणजे महिन्याला सुमारे ६,८५७ रुपये. त्याचा खरा पगार पंधरा हजार असो की दीड लाख, सामान्य नियमाने पेन्शन तेवढीच.

ही रक्कम कमी आहे, यात वाद नाही. २०१४ मध्ये किमान पेन्शन महिन्याला एक हजार रुपये ठरवली गेली, आणि या हजारावर पेन्शनरांच्या संघटना कित्येक वर्षं आंदोलनं करत आहेत. पण हा डबा निरुपयोगी आहे असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. एक महिन्याची वर्गणी भरलेला कामगार नोकरीत असताना वारला, तरी त्याच्या बायकोला आयुष्यभर (पुनर्विवाह केला नाही तर) पेन्शन सुरू होते आणि दोन मुलांना पंचवीस वर्षांपर्यंत. एका महिन्याच्या बचतीतून हे कधीच निघालं नसतं. सामाईक हंड्याचा फायदा हाच. ज्यांना दीर्घ आयुष्य आणि पूर्ण नोकरी लाभते त्यांना तो हिशेब तोट्याचा वाटतो, आणि ज्यांच्यावर वेळ येते त्यांना तारतो.

या डब्यात तिसरा वाटेकरीही आहे. केंद्र सरकार पगाराच्या १.१६ टक्के स्वतः घालतं, पंधरा हजारांच्या मर्यादेपर्यंत. म्हणजे जास्तीत जास्त महिन्याला १७४ रुपये. पेन्शनचा हक्क मिळायला किमान दहा वर्षांची नोकरी लागते आणि पूर्ण पेन्शन ५८ व्या वर्षापासून. पन्नाशीनंतर लवकर घेता येते, पण लवकरच्या प्रत्येक वर्षामागे चार टक्के कमी होतात. दर नोकरी सोडताना पीएफबरोबर पेन्शनचे पैसेही काढून घेण्याची खोड अनेकांना असते. तसं केलं की जमा झालेली वर्षं पुसली जातात आणि दहाची मोजणी पुन्हा शून्यापासून. त्याऐवजी खातं पुढच्या नोकरीत वर्ग करून घेतलं तर वर्षांना वर्षं जोडली जातात. यूएएन हा बारा आकडी नंबर २०१४ पासून दिला जातो तो याचसाठी. मालक बदलले तरी माणसाचा नंबर एकच.

तिसरा डबा विम्याचा. मालकाचे ते ७० रुपये, कामगाराचा एक पैसाही नाही. पगार पंधरा हजार किंवा त्याहून जास्त असला तर महिन्याला ७५ रुपये, त्याच्या वर नाही. सदस्य नोकरीत असताना वारला तर वारसाला जास्तीत जास्त सात लाख मिळतात. मासिक सरासरी पगाराच्या पस्तीस पट, म्हणजे कमाल सव्वापाच लाख, आणि पीएफ शिलकीच्या हिशेबाने कमाल पावणेदोन लाख. ही योजना १९७६ पासून आहे, पण तिची माहिती फार थोड्या घरांना असते. माणूस गेल्यावर घरचे पीएफचा अर्ज भरतात, पेन्शनचा भरतात आणि विम्याचा राहून जातो. नॉमिनीचं नाव पोर्टलवर भरून ठेवणं हे दहा मिनिटांचं काम आहे. लग्न झाल्यावर ते नव्याने भरावं लागतं, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं.

चौथा डबा कारभाराच्या खर्चाचा. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. तोही मालकच भरतो.

पाचवा म्हणजे ईएसआय, कामगार राज्य विमा. पीएफची बहीण म्हणावी अशी, पण स्वभाव अगदी उलटा. पीएफ साठवतं, ईएसआय साठवत नाही. उदाहरणातल्या बाईचे आणि तिच्या मालकाचे मिळून महिन्याला ५६० रुपये जातात आणि ते परत कधीच मिळत नाहीत. त्या बदल्यात तिचा आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबाचा औषधोपचार, आणि आजारपणात बुडणाऱ्या पगाराची भरपाई. आजारपणात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के, कामावर अपघात झाला तर ९० टक्के, बाळंतपणात २६ आठवडे पूर्ण पगार. दवाखान्यातल्या रांगा आणि औषधांचा तुटवडा याबद्दल लोक तक्रारी करतात, आणि त्या खोट्या नसतात. पण बुडालेल्या पगाराची भरपाई देणारी ही बाजू लोक विसरतात. बाजारातला मेडिक्लेम हॉस्पिटलचं बिल देतो, घरी पडून राहिलेल्या महिन्याचा पगार देत नाही.

ईएसआयच्या तारखा मात्र डोकं खातात. वर्गणीची सहामाही एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये भरलेल्या वर्गणीवर लाभ मिळतो पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये. आजारपणाचा भत्ता हवा असेल तर त्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असायला हवी. पगाराची मर्यादा २०१७ पासून २१,००० आहे. समजा, जूनमध्ये पगारवाढ होऊन कोणी २१,००० ओलांडले, तर कपात जूनमध्ये थांबत नाही. सप्टेंबर संपेपर्यंत नव्या, वाढलेल्या पगारावर ती चालूच राहते. असं कापलं म्हणून कितीतरी लोक एचआरच्या टेबलावर जाऊन उभे राहतात. नियम तोच आहे, आणि तो कामगाराच्या सोयीचाही आहे, कारण त्या सहामाहीचा लाभ पुढे मिळत राहतो. अगदी कमी मजुरीच्या कामगाराकडून, म्हणजे ज्याची रोजची सरासरी १७६ रुपयांपर्यंत आहे त्याच्याकडून, काही कापायचं नसतं. मालकाने मात्र आपला हिस्सा भरायचाच.

मालक आणि कामगार दोघांनी मिळून हंडा भरायचा, ही कल्पना आपली नाही. जर्मनीत बिस्मार्कने १८८३ मध्ये आजारपणाच्या विम्याचा कायदा केला, तेव्हा त्यात कामगाराचे दोन वाटे होते आणि मालकाचा एक. आपल्याकडे प्राध्यापक बी. पी. आदारकरांनी १९४४ मध्ये कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला. त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्या अहवालातून १९४८ चा ईएसआय कायदा आला आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. इथे वाटणी जर्मनीच्या नेमकी उलट आहे. २०१९ पासूनच्या दरांनी कामगाराचा पाऊण टक्का आणि मालकाचे सव्वातीन, म्हणजे चौपटीहून जास्त. मग कामगाराकडून तो पाऊण टक्का तरी कशाला घ्यायचा, असं कोणी विचारेल. माझ्या मते त्याचं उत्तर पैशात शोधू नये. ज्याने वर्गणी भरली आहे तो दवाखान्याच्या खिडकीशी हक्काने बोलतो. फुकट मिळणाऱ्याला ते जमत नाही, आणि खिडकीपलीकडचा माणूसही त्याला तसं बोलू देत नाही.

टक्क्यांच्या खालचा आकडा

दर सगळ्यांना पाठ असतात, पण पैसा ठरतो टक्के कशावर लावले त्यावर. बाराच्या बारा टक्के भरूनही मालक कामगाराच्या खात्यात अर्धेच पैसे घालू शकतो, आणि बराच काळ हे राजरोस चालत आलं.

पद्धत साधी होती. पीएफ मूळ वेतन आणि महागाई भत्त्यावर लागतो, घरभाड्यावर नाही. मग पगारपत्रक बनवताना मूळ वेतन लहान ठेवायचं आणि उरलेल्याला विशेष भत्ता, प्रवास भत्ता, धुलाई भत्ता, कॅन्टीन भत्ता अशी नावं द्यायची. मीही असली पगारपत्रकं बनवली आहेत. त्यात धुलाई भत्ता घेणाऱ्यांतल्या निम्म्यांना गणवेशच नसायचा. यावर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये निकाल दिला, की जो भत्ता सरसकट सगळ्यांना, नेहमी, ठरलेल्या पगारासारखाच दिला जातो तो मूळ वेतनातच धरायचा. नाव काहीही ठेवा.

सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि तिने हाच मुद्दा गणितात बसवला. वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरची रक्कम वेतनात मिळवायची. एकाचा एकूण पगार ४०,००० आहे, त्यातलं मूळ वेतन १२,००० आणि भत्ते २८,००० दाखवले आहेत असं समजा. निम्मे म्हणजे २०,०००. भत्ते त्याहून ८,००० जास्त आहेत, तेव्हा ते आठ हजार वेतनात आले आणि वेतन झालं २०,०००.

मग पीएफ वीस हजारांवर कापायचा का? इथे दुसरं झाकण येतं. सप्टेंबर २०१४ मध्ये पीएफची पगारमर्यादा ६,५०० वरून १५,००० झाली. त्या मर्यादेच्या वरच्या पगारावर वर्गणी भरण्याची मालकावर सक्ती नाही. म्हणून या माणसाची कपात पूर्वी १२,००० वर १,४४० होती, ती १५,००० वर १,८०० होते. तिथे मालक थांबू शकतो. अनेक मोठ्या पगारदारांच्या स्लिपवर पीएफ १,८०० एवढाच का दिसतो, याचं उत्तर हेच. काही कंपन्या पूर्ण मूळ वेतनावर भरतात, काही १,८०० वर थांबतात, आणि दोन्ही कायदेशीर आहे. पंचवीस-तीस वर्षांच्या नोकरीत या दोहोंतलं अंतर लाखांत जातं. नोकरी बदलताना ‘पीएफ आहे का’ यापेक्षा ‘पीएफ पूर्ण बेसिकवर की पंधरा हजारांवर’ असं विचारावं.

पंधरा हजारांची रेघ आणखी एका ठिकाणी आडवी येते. ज्याची पहिलीच नोकरी सप्टेंबर २०१४ नंतरची आहे आणि पहिल्याच दिवशी वेतन पंधरा हजारांच्या वर होतं, त्याला पेन्शन योजनेत घेतलं जात नाही. त्याचे मालकाचे बाराच्या बारा टक्के पीएफमध्येच पडतात. तसा माणूस हवं तर सुरुवातीलाच पीएफच्या बाहेरही राहू शकतो. एकदा सदस्य झालेला मात्र नोकरी चालू असताना मधेच बाहेर पडू शकत नाही. दुसरीकडे, ज्याला स्वतःहून जास्त साठवायचं आहे तो बारा टक्क्यांहून जास्त कापून घेऊ शकतो. त्याला व्हीपीएफ म्हणतात. मालकाने त्याची बरोबरी करायची गरज नसते. फक्त कर्मचाऱ्याची स्वतःची वर्गणी वर्षाला अडीच लाखांच्या वर गेली, की वरच्या भागाच्या व्याजावर एप्रिल २०२१ पासून कर लागतो.

मालकाचा हिस्सा खरोखर कोण भरतो

कायदा सांगतो की मालकाने स्वतःचा हिस्सा कामगाराच्या पगारातून कापायचा नाही. थेट नाही आणि आडमार्गानेही नाही. तरी नेमणूकपत्रावरचं सीटीसी, म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणारा एकूण खर्च, वाचा. त्यात मालकाचा पीएफ मिळवलेला असतो, बऱ्याचदा ग्रॅच्युइटीचे ४.८१ टक्केही असतात. म्हणजे पगाराची बोलणी एकूण खर्चावर झाली आणि मालकाचा हिस्सा त्या आकड्याच्या पोटात गेला. कापलं काहीच नाही, तरी तो तुमच्याच वाट्यातून गेला. अर्थशास्त्राचे अभ्यासक फार पूर्वीपासून हेच सांगतात: कागदावर भार कोणाच्याही नावाने असो, काळाच्या ओघात तो बराचसा पगारातच मुरतो. मालक माणूस ठेवताना एकूण खर्च बघतो, त्यातला कुठला तुकडा कुठल्या खिडकीवर भरायचा याने त्याला फार फरक पडत नाही.

किमान वेतनावर काम करणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याचा पगार कायद्याने ठरलेल्या आकड्याखाली नेता येत नाही, त्यामुळे तिथे मालकाचा हिस्सा खरोखर वरचा खर्च असतो. पळवाटा काढण्याचा मोहही म्हणूनच तिथे सगळ्यात जास्त. वीस माणसांना पीएफ आणि दहा माणसांना ईएसआय लागू होतो, तेव्हा पटावर एकोणीसच माणसं दाखवायची आणि बाकीची कॉन्ट्रॅक्टरची म्हणायची, ही त्यातली जुनी युक्ती. कायद्याने तिला आधीच उत्तर दिलं आहे. कॉन्ट्रॅक्टरने वर्गणी भरली नाही तर ज्याच्या आवारात काम चालतं त्या मूळ मालकाकडून ती वसूल होते.

सीटीसीतल्या ग्रॅच्युइटीबद्दल एक सावधगिरी. ती सर्वसाधारणपणे पाच वर्षं पूर्ण केल्यावरच मिळते (मुदतीच्या करारावर नेमलेल्यांना नव्या संहितेने ही अट एका वर्षावर आणली). तीन वर्षांत नोकरी सोडणाऱ्या कायम कर्मचाऱ्याच्या सीटीसीतले ते ४.८१ टक्के त्याच्या हाती कधीच येत नाहीत.

पैसे पोहोचतात कसे

महिना संपला की मालकाचा हिशेबनीस पगारपत्रकावरून एक फाइल बनवतो, तिला ईसीआर म्हणतात. प्रत्येक ओळीत एक कामगार: यूएएन, वेतन, पीएफ, पेन्शन, किती दिवस बिनपगारी. ती ईपीएफओच्या पोर्टलवर चढवली की चलन तयार होतं, आणि त्यात डब्यांचे नंबर दिसतात. खाते क्रमांक १ पीएफ, १० पेन्शन, २१ विमा, २ कारभार खर्च. पगारपत्रकाच्या धंद्यातली माणसं ‘पेन्शन’ म्हणतच नाहीत, ‘दहाचं किती आलं’ असं विचारतात. बँकेतून पैसे भरले की एक-दोन दिवसांत प्रत्येकाच्या पासबुकात नोंद उतरते. मुदत पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. पूर्वी पाच दिवसांची सवलत असे, ती २०१६ मध्ये बंद झाली. ईएसआयचं चलन वेगळं आणि पोर्टलही वेगळं, पण तारीख तीच, पंधरा.

कपात झाली की पैसे भरले गेले, असं आपण गृहीत धरतो. या दोन घटना आहेत आणि त्यांच्या मधे पंधरा दिवस आणि एक माणूस असतो. धंदा मंदावला, बँकेचा हप्ता डोक्यावर आला, की कामगारांचे कापलेले पैसे ‘पुढच्या महिन्यात भरू’ म्हणून वापरले जातात. मी ज्यांचे हिशेब पाहायचो त्यांतल्या एका छोट्या मालकाने सात महिने हे केलं. माणूस लबाड नव्हता, अडचणीत होता. स्लिपा मात्र दर महिन्याला कपातीसकट छापल्या जात होत्या.

कायदा या दोन हिश्श्यांत फरक करतो आणि तो योग्य आहे. मालकाने स्वतःचा हिस्सा थकवला तर ते देणं आहे. त्यावर व्याज आणि दंड लागतो, १९५२ च्या कायद्यात व्याजाचा दर वर्षाला बारा टक्के होता. पण कामगाराच्या पगारातून कापलेली रक्कम भरली नाही तर ती मालकाकडे ठेवायला दिलेली ठेव समजली जाते, आणि ठेव वापरणं म्हणजे फौजदारी विश्वासघात. पूर्वी भारतीय दंड संहितेत आणि आता भारतीय न्याय संहितेत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. १९६१ च्या आयकर कायद्यात आयकराचाही फटका होता. कामगारांचा कापलेला हिस्सा मुदतीत भरला नाही, तर ती रक्कम मालकाचंच उत्पन्न धरली जाई आणि नंतर भरली तरी तिची वजावट मिळत नसे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये यावर शिक्कामोर्तब केलं. एक दिवसाचा उशीरही महागात पडतो, म्हणून शहाणे हिशेबनीस चौदा तारखेलाही धोका पत्करत नाहीत, दहालाच भरून मोकळे होतात.

कामगाराच्या बाजूने बघायची गोष्ट एकच, पासबुक. पगाराच्या पुढच्या महिन्याची वीस तारीख उलटली आणि नोंद नाही, तर विचारावं. दोन महिने नाही, तर लेखी विचारावं आणि स्लिपा जपून ठेवाव्यात, कारण कपात झाल्याचा पुरावा तोच. ईएसआयमध्ये मालकाने नोंदणीच केलेली नसली आणि कामावर अपघात झाला, तरी कामगाराचा लाभ बुडत नाही. ईएसआय चालवणारं सरकारी महामंडळ तो देतं आणि मालकाकडून वसूल करतं. हे माहीत नसल्यामुळे लोक अपघातानंतर मालक देईल तेवढ्या रोख रकमेवर सही करून मोकळे होतात.

इथवरच्या सगळ्या हिशेबाला एक आधार होता: मालक कोण, कामगार कोण आणि पगार किती हे ठरलेलं आहे. मोबाइलवरच्या ॲपवरून पार्सलं पोहोचवणाऱ्याचं किंवा गाडी चालवणाऱ्याचं काय? त्याला मालक नाही, तो ‘पार्टनर’ आहे. त्याचा पगार नाही, फेरीमागे पैसे आहेत. बारा टक्के कशाचे काढणार? नव्या संहितेने त्यासाठी पाया बदलला. वर्गणी कंपनीच्या वार्षिक उलाढालीवर धरली, एक ते दोन टक्क्यांच्या दरम्यान, आणि वरची मर्यादा अशी, की कंपनी या कामगारांना जेवढे पैसे देते त्याच्या पाच टक्क्यांहून ती जास्त होऊ नये. उदाहरणातल्या पॅकिंगच्या बाईसाठी तिच्या मालकाने १४,००० वर २,२७५ भरले होते, म्हणजे सव्वासोळा टक्के. तेवढीच कमाई करणाऱ्या पार्सलवाल्यासाठी पाचच्या हिशेबाने फार तर ७०० निघतात, आणि तेही त्याच्या नावाच्या खात्यात नाही, एका सामाईक निधीत.